स्तनविकृतिशास्त्रातील विशेष प्रशिक्षण : कर्करोगाच्या अचूक निदानाचा पाया

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन २०२२’ या अंदाजानुसार त्या वर्षी देशात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. जगभरात हीच संख्या अनुक्रमे सुमारे २३ लाख आणि ६ लाख ७० हजार इतकी होती. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांतून संशय बळावतो किंवा कमी होतो; अंतिम निर्णय मात्र गाठीतून काढलेल्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावरच होतो. ही तपासणी करून अहवालावर स्वाक्षरी करणारा तज्ज्ञ म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ, अर्थात पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाची त्याच्याशी बहुधा कधीच भेट होत नाही. पण शस्त्रक्रिया किती मोठी, केमोथेरपी द्यावी की नाही, कोणते औषध आणि किती वर्षे, हे सारे त्याच्या अहवालावर ठरते.

गेल्या काही दशकांत या अहवालाची व्याप्ती एवढी वाढली आहे की, सर्वसाधारण विकृतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणापुढे जाऊन केवळ स्तनाच्या आजारांवर लक्ष केंद्रित करणारे स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक मानले जाऊ लागले. हे प्रशिक्षण ‘फेलोशिप’ या नावाने ओळखले जाते. ते कसे असते, त्याची गरज का निर्माण झाली आणि संशोधनाशी त्याचे नाते काय, याचा हा आढावा.

शास्त्राची जडणघडण

स्तनाच्या कर्करोगाचा स्त्रीच्या संप्रेरकांशी संबंध असल्याचा पहिला ठोस पुरावा १८९६ मध्ये स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी मांडला. अंडाशय काढल्यानंतर काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्याचे त्यांनी दाखवून दिले. असे का घडते, याचा उलगडा होण्यास मात्र सहा दशके लागली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो येथे एलवूड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन संप्रेरकाला पेशीत बांधून घेणाऱ्या ग्राहीचा, म्हणजेच रिसेप्टरचा, शोध लावला. ज्या गाठींमध्ये हा ग्राही असतो, त्याच गाठी संप्रेरकविरोधी उपचाराला प्रतिसाद देतात, हे पुढे स्पष्ट झाले. १९७७ मध्ये टॅमॉक्सिफेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

दरम्यान, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपावरून कर्करोगाची आक्रमकता मोजण्याचे प्रयत्न सुरू होते. १९५७ मध्ये ब्लूम आणि रिचर्डसन यांनी श्रेणी ठरविण्याची पद्धत मांडली. १९९१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील एल्स्टन आणि एलिस यांनी तिला अधिक काटेकोर रूप दिले. तीच पद्धत आज जगभर वापरली जाते. पेशींनी नलिका किती प्रमाणात तयार केल्या आहेत, पेशीकेंद्रके किती विद्रूप आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत आहेत, या तीन निकषांना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. एकूण ३ ते ५ गुण म्हणजे पहिली श्रेणी, ६ किंवा ७ म्हणजे दुसरी आणि ८ किंवा ९ म्हणजे तिसरी, सर्वाधिक आक्रमक श्रेणी.

पुढचे मोठे वळण १९८७ मध्ये आले. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हर-२’ या जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठी अधिक वेगाने बळावतात, असे दाखविले. त्या प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्वी ज्या निदानाची धास्ती सर्वाधिक होती, त्याच गटासाठी प्रभावी उपचार उपलब्ध झाला. परंतु हा उपचार कोणाला द्यायचा, हे ठरविणारी चाचणी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतच होते. २००० मध्ये चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी जनुकीय अभिव्यक्तीच्या आधारे स्तनाच्या कर्करोगाचे वेगवेगळे उपप्रकार दाखविले आणि ‘स्तनाचा कर्करोग’ हा एकच आजार नसून अनेक आजारांचा समूह आहे, ही धारणा दृढ झाली.

विशेषीकरणाची गरज

एकाच काचपट्टीकडे पाहून दोन तज्ज्ञांनी वेगवेगळे निदान करणे शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. जोअन एल्मोर यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात ११५ विकृतिशास्त्रज्ञांनी स्तनाच्या २४० बायोप्सींच्या संचातील प्रत्येकी ६० नमुने तपासले आणि त्यांच्या निदानाची तीन तज्ज्ञांच्या सहमतीच्या निदानाशी तुलना करण्यात आली. आजूबाजूच्या ऊतकात शिरलेल्या कर्करोगाच्या बाबतीत ९६ टक्के निदाने जुळली. नलिकेच्या आतच मर्यादित असलेल्या कर्करोगाबाबत हे प्रमाण ८४ टक्के होते. मात्र ‘ॲटिपिया’ म्हणजे पेशींची असामान्य पण कर्करोगापर्यंत न पोहोचलेली वाढ, या गटात केवळ ४८ टक्के निदाने जुळली. आठवड्याला कमी नमुने पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञांमध्ये मतभेदाचे प्रमाण अधिक होते.

या आकड्यांमागे मोठा व्यावहारिक अर्थ दडलेला आहे. असामान्य वाढ आणि नलिकेत मर्यादित असलेला कमी श्रेणीचा कर्करोग यांच्यातील एक प्रचलित सीमारेषा दोन मिलिमीटरची आहे. या रेषेच्या अलीकडे निदान झाल्यास त्या स्त्रीला नियमित देखरेखीचा सल्ला मिळू शकतो. पलीकडे झाल्यास शस्त्रक्रिया आणि कदाचित किरणोपचार. अतिनिदानामुळे अनावश्यक उपचार होतात आणि अल्पनिदानामुळे आवश्यक उपचार निसटतात.

चाचणीतील चूक किती महागात पडू शकते, याचे सर्वपरिचित उदाहरण कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांताचे आहे. तेथे १९९७ ते २००५ या काळात झालेल्या संप्रेरक-ग्राही चाचण्या सदोष असल्याचे उघड झाले. टोरांटो येथे नमुन्यांची फेरतपासणी झाल्यावर साडेतीनशेहून अधिक रुग्णांना चुकीचे निष्कर्ष कळविले गेल्याचे आढळले. ज्यांना संप्रेरकविरोधी गोळ्यांचा लाभ होऊ शकला असता, अशा अनेक स्त्रियांना त्या मिळाल्याच नव्हत्या. त्यांपैकी अनेकींचा तोवर मृत्यू झाला होता. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरून यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. गुणवत्ता नियंत्रणातील उणिवा आणि प्रशिक्षणाचा अभाव यांवर आयोगाने बोट ठेवले. या प्रकरणानंतर ग्राही चाचण्यांचे प्रमाणीकरण हा जगभर कळीचा विषय झाला.

प्रशिक्षणाचा मार्ग आणि स्वरूप

भारतात विकृतिशास्त्रज्ञ होण्यासाठी एमबीबीएस आणि आंतरवासितेनंतर तीन वर्षांचा एमडी किंवा डीएनबी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. या शिक्षणात रक्तापासून मूत्रपिंडापर्यंत सर्व अवयवांचे आजार येतात. त्यानंतर विशिष्ट क्षेत्रात प्रावीण्य मिळविण्यासाठी फेलोशिप केली जाते. येथे फेलोशिपचा अर्थ केवळ विद्यावेतन असा नाही. ज्येष्ठ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करीत घेतलेले ते निवासी स्वरूपाचे प्रशिक्षण असते. कर्करोगाच्या विकृतिशास्त्रात, म्हणजे ऑन्कोपॅथॉलॉजीत, डीएम ही अतिविशेषोपचार पदवीही देशात उपलब्ध आहे. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या कर्करोग केंद्रांत केवळ स्तनविकृतिशास्त्राची फेलोशिप साधारणपणे एक वर्षाची असते. संशोधनाचा मोठा भाग असल्यास कालावधी वाढतो.

प्रशिक्षणाची सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून नव्हे, तर शस्त्रक्रियागृहातून आलेल्या ऊतकापासून होते. काढलेला भाग कोणत्या दिशेने होता हे ओळखणे, त्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावणे, पातळ काप घेणे, गाठीचे मोजमाप करणे आणि नेमके कोणते तुकडे पुढील तपासणीसाठी घ्यायचे हे ठरविणे, ही सर्व कौशल्ये हाताने शिकावी लागतात. आक्रमक कर्करोगात शाईला गाठीचा स्पर्श नसेल तर कड मोकळी मानली जाते. गाठ पूर्ण निघाली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार, हे या शाईवरून ठरते.

ऊतकाची हाताळणीही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेतील वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांच्या संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनुसार, शरीराबाहेर काढलेले ऊतक एका तासाच्या आत फॉर्मेलिनच्या प्रमाणित द्रावणात पोहोचले पाहिजे आणि तेथे किमान ६ व कमाल ७२ तास राहिले पाहिजे. यात ढिलाई झाली तर गाठीतील ग्राही नष्ट होऊन चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. लहान रुग्णालयातून दूरच्या प्रयोगशाळेत बरणीतून नमुना पाठविला जातो, तेव्हा हे बंधन पाळणे अवघड जाते. म्हणूनच शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूला या नियमांची जाणीव करून देणे हाही प्रशिक्षणार्थीच्या कामाचा भाग मानला जातो.

यानंतर प्रत्यक्ष निदानाचा टप्पा येतो. सुईने घेतलेली बायोप्सी, पूर्ण गाठ, काढलेला संपूर्ण स्तन, काखेतील लसिकाग्रंथी अशा हजारो नमुन्यांचे अहवाल प्रशिक्षणार्थी आधी स्वतः लिहितो आणि नंतर ज्येष्ठ तज्ज्ञासोबत दुतोंडी सूक्ष्मदर्शकावर ते तपासून घेतो. ग्रंथीतील कर्करोगाचा ठिपका ०.२ मिलिमीटरपर्यंत आहे, २ मिलिमीटरपर्यंत आहे की त्याहून मोठा, यावर आजाराची अवस्था बदलते. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिलेल्या रुग्णांत गाठीची मूळ जागा शोधून तेथे कर्करोग शिल्लक आहे का, हे पाहावे लागते. हे काम अनुभवाशिवाय साधत नाही.

तिसरा टप्पा विशेष चाचण्यांचा. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या तंत्रात प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिने रंगवून दाखविली जातात. इस्ट्रोजेन ग्राही किमान एक टक्का पेशींत आढळला तरी गाठ सकारात्मक मानली जाते. २०२० च्या सुधारित सूचनांनी १ ते १० टक्के हा ‘अल्प सकारात्मक’ गट वेगळा केला. हर-२ साठी ० ते ३ अशी प्रतवारी आहे. ३ म्हणजे सकारात्मक. २ असल्यास ‘फिश’ या तंत्राने जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. एकेकाळी ० आणि १ या दोहोंना नकारात्मक म्हणून एकाच रकान्यात टाकले जाई. २०२२ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान या औषधाने हर-२ चे प्रमाण कमी असलेल्या प्रगत कर्करोगातही आयुर्मान वाढविल्याचे चाचणीतून दिसले. त्यामुळे ० आणि १ यांतील पुसट फरकालाही एकाएकी उपचाराच्या दृष्टीने महत्त्व आले.

चौथा टप्पा म्हणजे बहुशाखीय बैठक. शल्यचिकित्सक, औषधोपचार आणि किरणोपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करतात. मॅमोग्राफीतील चित्र आणि बायोप्सीचा अहवाल जुळत नसेल तर पुन्हा बायोप्सी घ्यावी, असे सांगण्याचे धैर्य आणि त्यामागील कारणमीमांसा प्रशिक्षणार्थी याच बैठकांत शिकतो.

संशोधनाशी नाते

कर्करोग संशोधन आणि विकृतिशास्त्र यांचे नाते भारतात आरंभापासून घट्ट आहे. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा आणि संशोधनाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून गौरविले गेलेले खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९५२ मध्ये परळ येथे स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रामागे त्यांचीच प्रेरणा होती. हेच केंद्र पुढे टाटा मेमोरियल केंद्रात विलीन झाले आणि आता नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ संकुलातून ते कार्य सुरू आहे.

याच केंद्राने केलेल्या अभ्यासांतून विकृतिशास्त्राची संशोधनातील भूमिका स्पष्ट होते. मुंबईतील वस्त्यांमध्ये राहणाऱ्या ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या हाताच्या तपासणीमुळे आजार लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नास वर्षांवरील स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार करता दिसलेली १५ टक्क्यांची घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. आजार कोणत्या अवस्थेत सापडला, हे ठरविण्याचा आधार ऊतकाची तपासणी हाच असतो.

शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन देण्याच्या, एक हजार स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाले. संपूर्ण गटात लक्षणीय फरक दिसला नाही. पण काखेतील ग्रंथींत कर्करोग पोहोचलेल्या स्त्रियांत लाभ दिसून आला. हा उपगट वेगळा काढता आला, कारण ग्रंथींची तपासणी आणि नोंद काटेकोर होती. शस्त्रक्रियेच्या आधी गाठीभोवती लिडोकेन हे स्थानिक भूल देणारे स्वस्त औषध टोचण्याच्या, ११ केंद्रांतील १६०० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले.

फेलोशिपमधील प्रशिक्षणार्थीला अशा संशोधनाची पद्धत शिकविली जाते. नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेणे, मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेल्या जुन्या नमुन्यांचा अभ्यास करणे, अनेक गाठींचे सूक्ष्म तुकडे एकाच काचपट्टीवर आणून तपासणे, उपचारांचे परिणाम आणि पेशींचे रूप यांचा संबंध संख्याशास्त्राने पडताळणे, ही त्याची अंगे आहेत. गाठीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींचे प्रमाण मोजण्याची पद्धत अशाच आंतरराष्ट्रीय सहकार्यातून प्रमाणित झाली. डोळ्यांनी करावयाची ही साधी मोजणी आज काही प्रकारांत रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज देते.

भारतापुढील प्रश्न

भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दशकभर आधीच्या वयात आढळतो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही नसलेल्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत १५ टक्क्यांच्या आसपास असताना, भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत ते ३० टक्क्यांच्या जवळपास आहे. यातील किती वाटा जैविक कारणांचा, किती कमी वयाचा आणि किती सदोष हाताळणीमुळे खोट्या नकारात्मक ठरलेल्या चाचण्यांचा, हा प्रश्न संशोधकांपुढे आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळांच्या गुणवत्तेशी थेट निगडित आहे.

विशेष प्रशिक्षित तज्ज्ञ प्रामुख्याने महानगरांत एकवटलेले आहेत. जिल्हा पातळीवर एकच विकृतिशास्त्रज्ञ रक्ततपासणीपासून बायोप्सीपर्यंत सारे काम पाहतो, हे चित्र सर्रास दिसते. ही दरी कमी करण्याच्या दृष्टीने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडचे महत्त्व आहे. देशभरातील कर्करोग केंद्रे, संशोधन संस्था आणि रुग्णसंघटना या जाळ्यात सामील असून, उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे, प्रशिक्षण आणि गुणवत्ता यांवर त्याचा भर आहे.

संगणकीय तंत्रज्ञानाकडूनही अपेक्षा आहेत. काचपट्टी स्कॅन करून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लसिकाग्रंथींतील कर्करोग ओळखण्याच्या कामात ३२ संगणकीय प्रणालींची ११ विकृतिशास्त्रज्ञांशी तुलना झाली. वेळेच्या बंधनात काम करणाऱ्या तज्ज्ञांपेक्षा काही प्रणाली सरस ठरल्या. तरीही नमुना नीट जतन झालेला नसेल, तर कोणतीही प्रणाली हरवलेला ग्राही परत आणू शकत नाही. शिवाय अहवालाची जबाबदारी अखेर स्वाक्षरी करणाऱ्या डॉक्टरचीच राहते.

रुग्ण आणि नातेवाईकांसाठी

बायोप्सीच्या अहवालात कर्करोगाचा प्रकार, श्रेणी, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ग्राही आणि हर-२ यांची स्थिती नमूद आहे का, हे पाहावे. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात याशिवाय गाठीचा आकार, कडांची स्थिती आणि तपासलेल्या व बाधित लसिकाग्रंथींची संख्या असावी. मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत जतन केल्या जातात. दुसरे मत घ्यायचे असल्यास त्या मागवून अन्य केंद्रात तपासून घेता येतात. पुन्हा सुई टोचण्याची गरज बहुधा पडत नाही. अहवाल आणि डॉक्टरांनी हाताने तपासून व्यक्त केलेला संशय जुळत नसेल, तर असे दुसरे मत घेण्यात संकोच करू नये. उपचार सुरू होण्यापूर्वी फेरतपासणीत गेलेले काही दिवस, चुकीच्या उपचारात जाणाऱ्या वर्षांच्या तुलनेत अल्प असतात.

नवी औषधे येत राहतील आणि त्यांतील प्रत्येक औषध कोणाला द्यायचे, हे ठरविणारी एखादी चाचणीही बहुधा सोबत येईल. ती चाचणी विश्वासार्हपणे करणारे आणि तिचा अर्थ लावणारे प्रशिक्षित हात महानगरांबाहेरही उपलब्ध झाले, तरच त्या औषधांचा लाभ देशातील सर्व रुग्णांपर्यंत पोहोचू शकेल.